वय की उणीव? वार्धक्य, संप्रेरके आणि आहार यांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत वार्धक्य लांबवण्याविषयी इतकी पत्रे आली आहेत की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. बहुतेक पत्रांमागे एकच समजूत दिसते, ती अशी की शरीरातली संप्रेरके उतरतात म्हणून माणूस म्हातारा होतो आणि ती बाहेरून भरून काढली की वय जागच्या जागी थांबेल. ही समजूत मी मुळातून खोडून काढणार नाही, कारण तिच्यात तथ्याचा अंश आहे. परंतु एखाद्या ग्रंथीचे काम खरोखर बंद पडणे वेगळे आणि वयोमानाने तिचा वेग मंदावणे वेगळे, हा भेद सुटला की उपचाराचे नुकसान होते, म्हणून प्रत्येक उत्तरात मी त्याच भेदाकडे परत येणार आहे.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी वृद्धिसंप्रेरकाची, म्हणजे ग्रोथ हार्मोनची, इंजेक्शने सुरू केली आहेत आणि आपण दहा वर्षांनी तरुण झालो असे ते सांगतात. त्यांचे दंड भरलेले दिसतात, पोटही उतरले आहे. मीही ही इंजेक्शने घ्यावीत काय?

उत्तर : आपण जे डोळ्यांनी पाहिले ते खोटे नाही, म्हणूनच त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे. १९९० साली अमेरिकेत ६१ ते ८१ वर्षे वयाच्या २१ निरोगी पुरुषांवर एक अभ्यास झाला. त्यांपैकी १२ जणांना आठवड्यातून तीनदा याप्रमाणे सहा महिने वृद्धिसंप्रेरक देण्यात आले. त्यांच्या शरीरातील चरबी सुमारे १४ टक्क्यांनी घटली आणि चरबी वगळता उरणारे वजन सुमारे ९ टक्क्यांनी वाढले. वार्धक्य परतवणाऱ्या इंजेक्शनांचा सगळा बोलबाला या एका छोट्या अभ्यासापासून सुरू झाला, आणि जाहिरातींत आजही त्याचाच दाखला दिला जातो. मात्र त्या अभ्यासात ताकद किंवा दैनंदिन कामे करण्याची क्षमता वाढल्याचे दाखवलेले नव्हते. पुढे १९९६ साली सत्तरीच्या आसपासच्या व त्यापुढच्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत ते मुद्दाम तपासले गेले, तेव्हा शरीराची घडण बदलली तरी काम करण्याची क्षमता सुधारली नाही असे आढळले. वाढलेल्या वजनात पाण्याचा वाटाही असतो, हे येथे लक्षात घ्यावे. दंड भरलेला दिसणे म्हणजे हाताला जोर येणे नव्हे.

दुष्परिणाम मात्र खरे असतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे साठी ओलांडलेले एक गृहस्थ सकाळी शर्टाची बटणे लावता येत नाहीत अशी तक्रार घेऊन आले होते. त्यांचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर झाले होते, पावलांवर सूज होती, आणि लग्नात घातलेली अंगठी बोटात रुतून बसल्यामुळे सोनाराकडून कापून काढावी लागली होती. चार-पाच प्रश्नांनंतर इंजेक्शनांचा विषय निघाला. मनगटातून जाणारी नस सुजलेल्या भागात दाबली गेली होती आणि रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. इंजेक्शने थांबवल्यावर दोन महिन्यांत बोटे मोकळी झाली. सूज, सांधेदुखी, मनगटाची दबलेली नस आणि वाढलेली साखर हे या उपचाराचे नेहमीचे व पुन्हा पुन्हा नोंदले गेलेले परिणाम आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे संप्रेरक जास्त झाले म्हणजे आयुष्य वाढते, असे निसर्गातही कुठे दिसत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठ होऊन ज्यांच्या शरीरात ते वर्षानुवर्षे जादा तयार होते, त्या रुग्णांना मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार लवकर गाठतात आणि उपचार न झाल्यास त्यांचे आयुष्य कमी होते. उलट, जन्मतःच ज्यांना हे संप्रेरक नसते अशी खुज्या उंदरांची एक जात इतर उंदरांपेक्षा जवळजवळ निम्म्याने अधिक जगते. तेव्हा वयाबरोबर या संप्रेरकाचे प्रमाण कमी होणे हा बिघाडच आहे, असे गृहीत धरण्याला आधार नाही. पीयूषिकेची शस्त्रक्रिया झालेली असेल, तिच्यावर किरणोपचार झाले असतील, आणि उत्तेजक चाचणीने, म्हणजे ग्रंथीला संप्रेरक स्रवायला लावणारे औषध देऊन केलेल्या तपासणीने, ग्रंथी काम करीत नाही असे सिद्ध झाले असेल, तर मी स्वतः हे इंजेक्शन लिहून देतो, कारण तेथे उणीव आहे. आपल्या बाबतीत ते वय आहे.

आपण शिक्षक आहात, म्हणून एक जुना प्रसंग सांगतो. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञांनी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि अंगात पुन्हा तारुण्याचा जोम आल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. त्यांनी अर्क पाण्यात काढला होता. टेस्टोस्टेरॉन हे वृषणांत तयार होणारे पुरुषी संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्या अर्कात ते परिणामापुरतेही नसणार. ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले ते १९३५ साली. ब्राऊन-सेकार लबाड नव्हते. त्यांना खरोखरच बरे वाटले होते. आपल्या परिचितांनाही बरे वाटत असेल, आणि त्यांच्याशी बोलताना आपण हे ध्यानात ठेवावे, म्हणजे वाद न होता त्यांना साखर तपासून घेण्यास सांगता येईल.

आपल्या शरीराचे स्वतःचे वृद्धिसंप्रेरक मुख्यतः रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत स्रवते, आणि पोटात साठलेली चरबी त्याला आवर घालते. झोपेची ठरलेली वेळ आणि पोटाचा घेर या दोन गोष्टी आपल्या हातातील आहेत.

प्रश्न : माझे वय ५१. पाळी बंद होऊन दीड वर्ष झाले. दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते आणि झोप मोडते. संप्रेरकांच्या गोळ्यांनी स्तनांचा कर्करोग होतो असे माझ्या जाऊबाई बजावून सांगतात, तर माझी मैत्रीण म्हणते की त्या घेतल्याने त्वचा व हाडे तरुण राहतात. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघींच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, मात्र आपला प्रश्न त्या दोघींपेक्षा वेगळा आहे. आपल्याला तरुण राहायचे नाही, झोपायचे आहे, आणि त्यासाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

जाऊबाईंच्या मनातील भीती २००२ सालापासूनची आहे. अमेरिकेत ५० ते ७९ वर्षे वयाच्या १६,६०८ स्त्रियांवर चाललेली मोठी चाचणी त्या वर्षी मुदतीआधी थांबवली गेली, कारण इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकासारखे काम करणारे औषध) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत अपाय फायद्यापेक्षा जास्त दिसू लागले होते. बातमी जगभर गेली आणि असंख्य स्त्रियांनी एका रात्रीत गोळ्या बंद केल्या. आकडे मात्र फार थोड्यांनी पाहिले. दहा हजार स्त्रियांनी एक वर्ष हा उपचार घेतल्यास स्तनांच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त, तर खुब्याच्या हाडाच्या मोडीचे ५ आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ रुग्ण कमी, असा तो हिशेब होता. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे उलटली होती. पुढील विश्लेषणांतून असे स्पष्ट झाले की साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रासदायक लक्षणांसाठी उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रीच्या बाबतीत फायद्याचे पारडे बहुधा जड असते. आपण त्या गटात बसता.

मात्र उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना काही गोष्टी न विचारता स्वतःहून सांगाव्यात : आपल्याला किंवा आई-बहिणींना स्तनांचा कर्करोग झाला होता काय, पायात वा फुप्फुसात कधी गुठळी झाली होती काय, यकृताचा विकार, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे काय, आणि पाळी गेल्यानंतर कधी रक्तस्राव झाला काय. शेवटची गोष्ट अनेकजणी संकोचाने दडवतात. पाळी पूर्ण बंद झाल्यानंतर एकदा जरी रक्त दिसले तरी त्याचे कारण शोधल्याखेरीज संप्रेरके सुरू करता येत नाहीत. गर्भाशय काढलेले नसेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, नाहीतर गर्भाशयाच्या आतील अस्तर जाड होत जाऊन त्याचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल हा मार्ग गोळीपेक्षा गुठळीच्या दृष्टीने अधिक सुरक्षित समजला जातो. त्याविषयी अवश्य विचारावे. कोरडेपणा आणि लघवीची जळजळ एवढीच तक्रार असणाऱ्या स्त्रियांना केवळ जागेवर लावायचे सौम्य मलम पुरते, आणि त्यातले औषध रक्तात फारच थोडे उतरते.

आता मैत्रिणीविषयी. इस्ट्रोजेन हाडांची झीज थोपवते हे खरे आहे. परंतु त्वचा तरुण राहावी किंवा आयुष्य वाढावे एवढ्याचसाठी, लक्षणे नसताना, हे औषध घेण्याची शिफारस कोणतीही जबाबदार वैद्यकीय संस्था करीत नाही. याला एक अपवाद आहे आणि तो माझ्या मते पुरेसा बोलला जात नाही. ज्या स्त्रीची पाळी चाळिशीच्या आत जाते, किंवा ज्या तरुण स्त्रीची दोन्ही अंडाशये शस्त्रक्रियेने काढावी लागतात, तिच्या बाबतीत ही खरी उणीव असते. तिची हाडे आणि हृदय यांच्या रक्षणासाठी, वैद्यकीय आडकाठी नसल्यास, निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यावे असाच सल्ला आहे. अशा स्त्रिया आजही "वयाच्या गोष्टी आहेत, सोसायचे" एवढेच ऐकून परत जातात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : वय ४६. हल्ली थकवा असतो, कामात उत्साह नाही. ऑनलाइन जाहिरात पाहून रक्त तपासले, तर टेस्टोस्टेरॉन सामान्य पातळीच्या तळाशी निघाले. त्यांच्याच प्रतिनिधीने जेल सुरू करण्याचा सल्ला दिला आहे. मी रात्री साधारण पाच तास झोपतो. वजन ९४ किलो आहे.

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटची दोन वाक्ये मला सर्वांत उपयोगी वाटली. निरोगी तरुण पुरुषांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले तर त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरते, हे प्रयोगाने दिसलेले आहे. वयामुळे साधारणपणे वर्षाला एक टक्क्याच्या आसपास घट होते, म्हणजे तेवढी घसरण व्हायला दहा-पंधरा वर्षे लागली असती. पोटावरील चरबीचा परिणामही असाच आहे, आणि वजन उतरले की पातळी आपोआप चढते.

रक्त कोणत्या वेळी दिले होते ते आपण लिहिलेले नाही. ही तपासणी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आजारपण नसताना आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करायची असते. दुपारी दिलेल्या एका नमुन्यावरून निदान होत नाही. दोन्ही वेळा पातळी खरोखर कमी निघाली तर कारण वृषणात आहे की पीयूषिकेत, हे पाहण्यासाठी पुढील तपासण्या कराव्या लागतात. घोरण्याचा त्रास असल्यास झोपेत श्वास अडकतो काय, हेही तपासून घ्यावे.

आणखी एक गोष्ट त्या प्रतिनिधीने सांगितली नसावी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूकडून वृषणांना जाणारी आज्ञा बंद होते आणि शुक्रजंतू तयार होणे थांबू शकते. आपल्याला अजून मूल हवे असेल तर हे जेल मुळीच लावू नये. घरात लहान मुले असल्यास जेल लावलेल्या त्वचेचा त्यांना स्पर्श होणेही घातक आहे. या उपचाराने रक्त दाट होते, म्हणून घेणाऱ्याला ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. २०२३ साली पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात हृदयविकाराचा झटका व पक्षाघात वाढले नाहीत ही दिलाशाची गोष्ट होती, परंतु हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात गुठळी अडकणे हे प्रकार जास्त आढळले. शिवाय ते सर्व पुरुष टेस्टोस्टेरॉन सिद्धपणे कमी असलेले होते. आपण आधी तीन महिने सात तास झोपावे, पाच-सहा किलो वजन उतरवावे आणि मग सकाळी रक्त द्यावे. तपासणी करणारा आणि औषध विकणारा एकच असेल, तेथे मात्र पुन्हा जाऊ नये.

प्रश्न : डीएचईएच्या गोळ्या आणि अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल वार्धक्यावर उपयोगी आहेत काय?

उत्तर : नाहीत. डीएचईए हे मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक वयाबरोबर खूप उतरते हे खरे आहे, पण वृद्ध स्त्रीपुरुषांना दोन वर्षे ते देऊन केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताकद, शरीराची घडण किंवा जीवनमान यांपैकी कशातही लक्षणीय फरक पडला नाही. अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे पेशींची झीज रोखतात असे मानल्या जाणाऱ्या द्रव्यांच्या, बाबतीत तर सावध राहावे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन हे असेच एक द्रव्य घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. फळाभाज्यांत हीच द्रव्ये असतात आणि ती हितकारक ठरतात, म्हणून ती वेगळी काढून डबीत भरली तरी तशीच वागतील असे नाही.

गोळी घ्यायचीच असेल तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची पातळी तपासून, ती कमी असल्यासच घ्यावी. उतारवयात जठरातील आम्ल घटल्याने अन्नातील बी-१२ नीट शोषले जात नाही, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किंवा आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी उतरते. पायांना मुंग्या येणे व विसरभोळेपणा ही लक्षणे वयावर ढकलली जातात, आणि कित्येकदा ती या साध्या उणिवेची निघतात. आपण धूम्रपान करीत असल्यास दुसरे काही करण्याआधी ते सोडावे. ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षे नोंद ठेवणाऱ्या अभ्यासात आयुष्यभर धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले, आणि साठीला सोडणाऱ्यांनीही त्यातील सुमारे तीन वर्षे परत मिळवली. कोणत्याही संप्रेरकाने एवढे दिलेले नाही.

प्रश्न : माझे वय ६६, वजन ४७ किलो. उपाशी राहिल्याने आयुष्य वाढते असे वाचून वर्षभर दिवसातून एकदाच जेवते. चार किलो वजन कमी झाले. हल्ली जिना चढताना पाय थरथरतात. हे चालू ठेवावे काय?

उत्तर : कृपया थांबवावे. कमी खाऊ घातलेले उंदीर जास्त जगतात हे १९३५ पासून माहीत आहे, परंतु ते प्राणी वाढीच्या वयापासून, पिंजऱ्यात, तोलून दिलेल्या सकस अन्नावर होते. माणसांवर झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत उष्मांक पाव भागाने कमी करण्याचे ठरले असताना प्रत्यक्षात सुमारे १२ टक्केच कमी झाले. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारले, पण हाडांची घनता घटली, आणि ती मंडळी तरुण व मध्यमवयीन होती. आपल्या उतरलेल्या चार किलोंत स्नायूंचा वाटा मोठा असणार, आणि पायांची थरथर त्याचीच खूण दिसते. ज्याचे पोट सुटले आहे त्याने कमी खावे. आपल्याकडे कमी करण्यासारखे काही नाही. शिवाय एवढी वजनघट केवळ उपवासानेच झाली असे न मानता साखर, थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. मोठा आजार नाही, पण खुर्चीतून उठताना हाताला धरावे लागते. आता या वयात काय सुधारणार, असे त्या स्वतःच म्हणतात. त्यांच्यासाठी काही करता येईल काय?

उत्तर : करता येईल, आणि या अंकातील सर्वांत आनंदाचे उत्तर मला आपल्याला देता येत आहे. १९९० सालीच, म्हणजे वृद्धिसंप्रेरकाच्या त्या गाजलेल्या अभ्यासाच्याच वर्षी, आणखी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याची जाहिरात कोणी केली नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नव्हते. वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजन उचलण्याचा व्यायाम करवला गेला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ साली शंभर वृद्धांवर त्याच गटाने पुन्हा प्रयोग केला, तेव्हा व्यायामाने ताकद दुपटीहून अधिक झाली, तर नुसते पौष्टिक पेय देऊन काहीच साधले नाही. अन्न लागतेच, पण स्नायूला काम मिळाले तरच ते अंगी लागते.

सुरुवात अशी करावी. पक्की, हात असलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि उंची कमी वाटल्यास बैठकीवर घट्ट उशी घालावी. सासूबाईंनी पुढे सरकून बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे वाकावे आणि खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन उठावे. बसताना धपकन न बसता सावकाश खाली यावे, कारण मांडीच्या स्नायूंचा खरा व्यायाम तेथेच होतो. दिवसातून दोनदा पाच-पाच वेळा एवढे पुरे आहे. दोन आठवड्यांनी उशी काढावी, मग एका हाताचा आधार सोडावा, मग दोन्ही. प्रत्येक पायरीवर थोडे जड वाटलेच पाहिजे. सोपे झाले की पुढची पायरी घ्यावी. तोल सांभाळण्यासाठी ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव जोडीला द्यावा, आणि सुरुवातीला आपण जवळ उभे राहावे, पण दंडाला धरून उठवू नये.

आहारात प्रथिने मोजून पाहावीत. वृद्धांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनांची शिफारस तज्ज्ञ करतात, म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातही तेवढीच आणि मूठभर कोरड्या डाळीत ७ ग्रॅमच्या आसपास असतात. या वयाची माणसे सकाळी चहा आणि रात्री दोन घास एवढ्यावर भागवतात, म्हणून प्रथिने तिन्ही खाण्यांत वाटून द्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सुरू करण्यापूर्वी त्यांचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत दुखत असेल किंवा नुकतीच पडझड झाली असेल, तर आधी तपासणी आणि मग व्यायाम. त्या रोज किती वेळा उठल्या, किती आधार घेतला, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे आणि दोन महिन्यांनी मला कळवावे.